पाच रीडिंग्ज, एक भलतंच: दांड्याचा व्यास किती धरायचा?

मोजपट्टी: स्क्रू गेजने (स्क्रू फिरवून जाडी बारकाईने मोजणारं उपकरण) एकाच दांड्याची पाच रीडिंग्ज घेतली, मिमीमध्ये: १२.१२, १२.१४, १२.११, १२.१३, १२.४२. सरासरी १२.१८४ येते, पण चार रीडिंग्ज तर त्याच्या बरीच खाली आहेत. लघुतम वर्ग पद्धतीने वेगळं उत्तर येईल का? शिवाय व्हर्नियर कॅलिपर या दुसऱ्या उपकरणाची सरासरी १२.१५ आहे, ती यात कशी धरायची?

अंशछेद: वेगळं येणार नाही. अंदाज ‘म’ धरा आणि प्रत्येक रीडिंगमधून म वजा करून वर्गांची बेरीज घ्या. ती कमीत कमी व्हायची तर फरकांची बेरीज शून्य व्हावी लागते, म्हणजे म = सरासरी. घोळ वर्गामुळेच होतो. पहिल्या चारांची सरासरी १२.१२५ आणि तिच्यापासूनच्या त्यांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ०.०००५, एकट्या १२.४२ च्या फरकाचा वर्ग ०.०८७!

म्हणून ते डोळे झाकून खोडू नका, कारण शोधा. मुख्य पट्टीवरची अर्ध्या मिमीची रेघ चुकली असती तर फरक ०.५ चा पडला असता. इथे साधारण ०.३ आहे, म्हणजे जबड्यात कचरा, दांडा तिरका, किंवा १ च्या जागी ४ लिहिला गेला. जबडे पुसून, रॅचेट (टोकाची मूठ) टकटक वाजेपर्यंत फिरवून पुन्हा घ्या. दांडा हाताशी नसेल तर मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं रीडिंग) १२.१३ द्या आणि तसं नमूद करा.

दशांश: व्हर्नियरसाठी भारित सरासरी, म्हणजे जास्त अचूक मोजमापाला जास्त भार. भार = १ ÷ (अनिश्चितता)². स्क्रू गेजची ०.०१ आणि व्हर्नियरची ०.०२ धरली तर भार ४:१.
(४ × १२.१२५ + १२.१५) ÷ ५ = १२.१३, अनिश्चितता ०.००९.
दोन उपकरणांतला फरक ०.०२५, अपेक्षित √(०.०१² + ०.०२²) = ०.०२२ च्या आसपास, त्यामुळे एकत्र करायला हरकत नाही. हाच फरक ०.१ असता तर भारित सरासरी काढण्यात अर्थ नव्हता.

मोजपट्टी: पुसून पुन्हा घेतलं, १२.१३. आता पाचांची सरासरी १२.१२६. आणखी पन्नास रीडिंग्ज घेतली तर चौथा दशांशही पक्का होईल ना?

अंशछेद: नाही. विखुरलेपणामुळे सरासरीत येणारी अनिश्चितता √n पटीने कमी होते (n म्हणजे रीडिंग्जची संख्या), शून्य त्रुटी नाही. जबडे मिटवल्यावर गेज +०.०२ दाखवत असेल तर पन्नासही रीडिंग्ज ०.०२ ने जास्तच येतील. ती आधी तपासा, वजा करा, मगच व्हर्नियरशी जोडा.

दशांश: आणि प्रमाण विचलन (रीडिंग्ज किती विखुरली आहेत त्याचं माप) ‘वर्गांची बेरीज वजा (बेरजेचा वर्ग भागिले n)’ या सूत्राने काढत असाल तर आधी प्रत्येक रीडिंगमधून १२.१ वजा करा. नाहीतर दोन जवळजवळ सारख्या मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत कामाचे अंकच उडतात.