मदत हवी आहे: घडीच्या सिलिकॉन डब्यातला वास जात नाही

ऑफिसला घडी होणारा सिलिकॉनचा डबा नेते. जेवण झालं की दाबून चपटा होतो, लोकलच्या गर्दीत पर्समध्ये मावतो, म्हणून तो सोडायचा नाहीये. हळदीचे डाग उन्हात ठेवून बरेच फिके झाले. पण लसणाच्या फोडणीचा वास घड्यांच्या खाचांत आणि झाकणाच्या रिंगमध्ये बसलाय. नंतर पपई नेली तर तिलाही तोच वास! खायचा सोडा, लिंबू, व्हिनेगर करून झालं. रिंग काढूनच धुते. झाकण प्लॅस्टिकचं आहे, ते उकळता येणार नाही.

नुसता डबा आणि रिंग उकळली तर वास खरंच निघतो का? किती वेळ उकळायचं? की हा डबा फळं-कोशिंबिरीलाच ठेवून भाजीला स्टीलचा न्यावा?