‘तडजोड’ला पर्याय सुचवा (मवाळ नको)

अमळनेरकर: कॉलेजच्या पोरांसाठी राज्यशास्त्राच्या नोट्स मराठीत करतोय. १७८७ ला फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहिताना मोठी राज्यं म्हणाली, संसदेतल्या जागा लोकसंख्येवर द्या. लहान म्हणाली, सगळ्यांना सारख्या. शेवटी एका सभागृहात लोकसंख्येवर, सिनेटमध्ये प्रत्येकी दोन. मी लिहिलं, ‘ही तडजोड झाली म्हणून प्रजासत्ताक उभं राहिलं.’ वडिलांनी वाचून चष्माच काढला. म्हणे, तडजोड हरलेला माणूस करतो. दुसरा शब्द आहे का? ‘मॉडरेशन’लाही सुचवा.

रावेरची लेक: समेट?

धुळेकर वकील: समेट भांडण संपल्यावरचा. भांडता भांडता कायदा करायचा तर तडजोडच. कोर्टात आम्ही ‘तडजोड पुरसीस’ देतो, म्हणजे दोन्ही बाजूंचं लेखी निवेदन, त्यात कोणी हरत नाही. तड म्हणजे काठ, ‘तडीस नेणे’मधला. दोन काठ जोडले की तडजोड!

कान्हदेशी: काठ कुठला वकीलसाहेब, तड म्हणजे तडा. फुटका माठ सांधल्यासारखं. आणि त्याच फिलाडेल्फियात पाच गुलाम तीन माणसांइतके मोजायचं ठरलं, तेही नोट्समध्ये घाला. त्याला कोणता गोड शब्द देणार?

तापीकाठ: मॉडरेशनला ‘नेमस्तपणा’ होता की. ‘मवाळ’ने त्याची वाट लावली. १९०७ ला सुरतेत, आपल्याच तापीच्या काठी, काँग्रेसच्या मांडवात जोडा भिरकावला गेला. सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला. आपल्याकडे जोडा खाणारा तो मवाळ, मग कोण म्हणवून घेणार स्वतःला?

शुद्धमराठी: संयम म्हणा, मध्यममार्ग म्हणा. ‘मॉडरेशन’, ‘पुरसीस’ कशाला हवेत?

धुळेकर वकील: पुरसीस फारसी, वकील अरबी. माझं निम्मं नावच गेलं. धुळेकर तेवढा उरलो.

रावेरची लेक: भाषाशुद्धीवरून आठवलं. १४ सप्टेंबर १९४९, घटना समिती: राजभाषा हिंदी देवनागरीत, पण अंक आंतरराष्ट्रीय (1, 2, 3), आणि इंग्रजी आणखी १५ वर्षं. अंकांवरून केवढं भांडले होते! कुणालाच सगळं मिळालं नाही. यात हरलं कोण?

शुद्धमराठी: देवनागरी अंक हरले.

रावेरची लेक: आपण इथं तेच वापरतोय की! बरं, घरचं सांगते. शेजारी दरसाल आमच्या केळीचा बांध नांगराच्या एका तासाएवढा कोरायचा. आजोबा कोर्टात जायला निघाले होते. शेवटी दोघांनी आपापली हद्द दाखवली आणि मधोमध दगड रोवला. नंतर दोघंही आठवडाभर फुगून होते, पण दगड अजून तिथंच आहे. आजी तेव्हा एवढंच म्हणाली होती, ‘मिटाडी टाका.’

कान्हदेशी: ‘मिटाडी’ रावेरला? तुमच्याकडे तर लेवा बोली. ही आमची अहिराणी.

तापीकाठ: यावलकडेही ऐकलंय मी.

कान्हदेशी: बाजारात ऐकलं असेल, घरात नाही.

अमळनेरकर: नोट्स उद्या छापायला द्यायच्यात हो. ‘तडजोड’च ठेवतो. वडिलांना पुस्तक बांधून झाल्यावर दाखवेन. गुलामांचा परिच्छेद घातला आहे.

रावेरची लेक: आजीचं माहेर शिरपूर.

कान्हदेशी: मग बरोबर.