मदत हवी आहे : सोलापूरच्या उन्हाळ्यात काचपेटीतला बेगोनिया पाव्होनिना कसा जगवावा?

नमस्कार.

सोलापुरात आमच्या घरी, तळमजल्यावरच्या उत्तरेकडील खोलीत, झाकणबंद टेरॅरियममध्ये (रोपे वाढवण्याच्या काचपेटीत) बेगोनिया पाव्होनिना या निळसर झाक असलेल्या पानांच्या शोभेच्या वनस्पतीचे एक रोप आहे. बंगळुरूच्या एका संग्राहकाने पानापासून तयार केलेले हे रोप मी गेल्या पावसाळ्यात मागवले. हिवाळाभर ते फार सुरेख वाढले. आता होळीच्या सुमारास मात्र दोन गोष्टी दिसू लागल्या आहेत : जुन्या पानांच्या कडा पाणी झिरपल्यासारख्या अर्धपारदर्शक होऊन सडत आहेत, आणि नव्या पानांवरची निळी झाक फिकी पडून ती साधी हिरवी दिसत आहेत. खरा उन्हाळा अजून पुढेच आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

ही जात मूळची मलाय द्वीपकल्पातील डोंगराळ जंगलांमधली. मलेशियातील कॅमेरून हायलँड्ससारख्या सुमारे दीड हजार मीटर उंचीच्या भागात, दाट झाडीच्या तळाशी, जिथे ऊन जवळजवळ पोहोचतच नाही आणि दिवसाचे तापमानही २५ अंशांच्या फारसे वर जात नाही, अशा ठिकाणी ती वाढते. पानावरची निळाई हे रंगद्रव्य नव्हे. पानाच्या वरच्या थरातील पेशींमध्ये इरिडोप्लास्ट नावाची विशेष हरितलवके (प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्म कण) असतात आणि त्यांच्यातील पटलांचे थर इतक्या नेमक्या अंतरावर रचलेले असतात की निळा प्रकाश परावर्तित होतो, तर जंगलाच्या तळाशी उरणारा हिरवा आणि तांबडा प्रकाश अधिक चांगला शोषला जातो. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली हे दाखवून दिले. अंधूक उजेडात या रचनेमुळे प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता ५ ते १० टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. म्हणून झाक जाणे हे जास्त उजेडाचे आणि कडा सडणे हे उष्णतेचे लक्षण असावे, असा माझा तर्क आहे. ही जात ज्यांनी प्रत्यक्ष वाढवली आहे त्यांनी तो बरोबर आहे का, हे कृपया सांगावे.

माझी मांडणी अशी : दोन फुटी काचेची टाकी, तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्या, त्यावर जाळी, आणि वर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ), परलाइट (हलके पांढरे खनिज कण) व कोळशाचे मिश्रण. बोअरचे पाणी जड असून त्याचे पांढरे पुट चढते, त्यामुळे साठवलेले पावसाचे पाणी वापरतो आणि ते संपले की आरओचे. एलईडी दिवा झाकणाच्या बाहेर, वर टांगलेला आहे. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही, तेव्हा ती अडचण नाही. अडचण तापमानाची आहे : दुपारी टाकीत ३१ अंश होतात आणि मे महिन्यात बाहेर पारा ४२ च्या पुढे गेला की या खोलीतही ३५ अंश सहज होतील.

एसी दिवसभर चालवणे परवडणारे नाही, शिवाय वीज गेली की सगळेच थांबते. झाकण उघडून वारा द्यावा तर इथल्या कोरड्या हवेत काही मिनिटांतच पाने मलूल होतात. म्हणून माझ्या मनात असे आहे की टाकी पाण्याच्या परातीत ठेवावी, मागची बाजू आणि दोन्ही कडा ओल्या सुती कापडाने गुंडाळून कापडाची टोके परातीत सोडावीत आणि त्यावर एक लहान पंखा लावावा, म्हणजे माठातले पाणी जसे गार राहते तशी काच बाहेरून गार राहील. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या कापडाचे तापमान सैद्धांतिकदृष्ट्या २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. टाकीच्या आत बाष्पीभवनाने गारवा मिळत नाही, कारण तिथली हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. बाहेरच्या कोरडेपणाचाच उपयोग करून घ्यावा, असा हा विचार आहे. असा प्रयोग कोणी केला आहे का? जाड काचेतून पुरेसा गारवा आत पोहोचतो का?

दुसरा प्रश्न दिव्याच्या वेळेचा. रात्री नऊ ते सकाळी सात दिवा आणि दिवसा पडदे लावून अंधार, असे केले तर दिव्याची उष्णता आणि दुपारची उष्णता एकत्र येणार नाहीत. परंतु तापलेल्या अंधारात रोपाचे श्वसन वाढून साठवलेले अन्न खर्च होते आणि याला तर गार रात्रींची सवय आहे. यांपैकी कोणता तोटा कमी?

सह्याद्रीतल्या ओल्या कातळांवर पावसाळ्यात उगवणारा आपला बेगोनिया क्रेनाटा लावा, असे एका जाणकार स्नेह्यांनी सुचवले. ते फूल मलाही अतिशय प्रिय आहे. मात्र तो पावसाळ्यानंतर सुकून कंदाच्या रूपाने जमिनीत उन्हाळा काढतो, आणि पाव्होनिना बारमाही हिरवा असतो. तेव्हा त्याच्याबाबतचा अनुभव इथे लागू पडणार नाही.

शेवटचे म्हणजे, रोप दगावलेच तर जात हातची जाऊ नये म्हणून दोन निरोगी पाने काढून मॉसवर कलमे करण्याचा विचार आहे. पूर्ण पान देठासह लावावे की मुख्य शीर असलेले तुकडे? महाबळेश्वर-पाचगणीकडे राहणारे कोणी एखादे कलम उन्हाळाभर सांभाळणार असतील तर ते पोहोचवण्याची सोय मी करीन. नागपूर, अकोला, कलबुर्गी अशा कडक उन्हाच्या गावांतील सदस्यांनी आवर्जून लिहावे. कलमे गुढीपाडव्यापूर्वी लावायची आहेत, त्यामुळे निदान त्याबद्दलचे उत्तर लवकर मिळाले तर फार बरे होईल.