काहीच सांगितलं नाही तर काय मिळतं?

डिफॉल्ट म्हणजे बहुतेकांना हवा असलेला पर्याय, असं काही जण म्हणतात. ते पटलं नाही. आपण गप्प राहिलो तर जे पदरात पडतं ते डिफॉल्ट. आमच्या सोलापुरात काही खानावळींत बसल्या बसल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी ताटात येते. चपाती हवी तर आधी सांगायचं.

तिथं ताट समोर दिसतं तरी. आयकरात तसं नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली, जिच्यात बहुतेक वजावटी मिळत नाहीत, ती डिफॉल्ट झाली. भावानं ऑफिसात जुनी हवी असं कळवलंच नाही. गृहकर्जाचं व्याज, पीपीएफ काहीच धरलं गेलं नाही, टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) जास्त कापला. पगारदारांना मुदतीत रिटर्न भरताना जुनी प्रणाली निवडता येते, म्हणून त्याचे पैसे परत आले. रिटर्न भरायच्या आधी दोन्ही प्रणालींचे हिशेब नक्की करून बघा.