आयर्लंडच्या रानातल्या सोप्या वाटा: तुमचे अनुभव लिहा

परवा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं एक खोकं खाली काढलं, तर त्यात लेकीचे लाल गमबूट निघाले. तिकडे आम्ही त्यांना 'वेलीज' म्हणायचो. तळव्याच्या खाचांत डोनाडीच्या रानाचा चिखल अजून होता, वाळून खडखडीत झालेला. धुवायला नळाखाली धरले, पण धुववेनात. पुन्हा पिशवीत घालून ठेवले.

लेक ऑगस्टमध्ये झाली, किल्डेर काउंटीत. आई नोव्हेंबरात नाशिकला परतली. त्यानंतर सकाळी साडेसातला नवरा बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत मी आणि बाळ. साडेचारला अंधार. कधीकधी दिवसभरात एकही मराठी शब्द मोठ्याने बोललेला नसायचा. घरी तपासणीला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, रोज बाळाला घेऊन झाडांत जा, पाऊस असला तरी जा. औषध सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

म्हणून डोनाडी. पाच किलोमीटरचा सपाट फेरा, बग्गी (बाबागाडी) आरामात जाते. मध्ये एल्मर घराण्याच्या वाड्याच्या भिंती, छप्पर कधीच गेलेलं. छोटं तळं, बदकं, तळ्याकाठी कॅफे. न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्या अग्निशमन जवानांचं दगडी स्मारकही या रानात आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, इतक्या लांबच्या माणसांची नावं इथे कशी, म्हणून मी तिथेच उभी राहिले होते. त्यांच्यातल्या एकाचं कुटुंब मूळ इथलं.

कुत्र्याला घेऊन येणारे एक आजोबा रोज भेटायचे. "सॉफ्ट डे, थँक गॉड." मला पहिला आठवडाभर वाटलं बाळाबद्दलच काहीतरी म्हणतायत. तिकडे झिमझिम पावसाच्या दिवसाला सॉफ्ट डे म्हणतात. त्या हिवाळ्यात माझ्याशी रोज बोलणारं घराबाहेरचं माणूस ते एकच. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता रुखरुख लागते.

तर लिहा. मोठे डोंगर, दोर लावून चढणं असलं नको. आजी-आजोबांना, बग्गीला, गुडघेदुखीवाल्यांना झेपतील अशा रानवाटा आणि आसपास पाहण्यासारखं काय ते. जुनं, नवं, काहीही.

गव्हाणघुबड
वाचतेय. लाल बूट वाचून गलबललं.

सासवडकर_डब्लिन
ॲव्हनडेल! विकलो काउंटी, रॅथड्रमजवळ. सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले, तरी झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाऊन आल्या. लाकडी रस्ता हळूहळू वर चढत जातो आणि शेवटी ३८ मीटरचा मनोरा. त्यालाही पायऱ्या नाहीत, गोल गोल चढण आहे. व्हीलचेअर जाते. वरून खाली यायला घसरगुंडी आहे, तिच्याकडे सासूबाई बराच वेळ बघत होत्या, मी हात धरून ठेवला 😀
आयरिश स्वराज्याचे पुढारी पार्नेल यांचा जन्म तिथल्याच घरातला, १८४६. सरकारने १९०४ साली ती जागा घेतली आणि वनविद्येचं शिक्षण तिथे सुरू केलं, म्हणून आयरिश वनीकरणाचं जन्मस्थान म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जेमतेम एक टक्का जंगल उरलं होतं. आज अकराच्या आसपास आहे. त्यातलं पुष्कळसं बाहेरून आणलेल्या सिटका स्प्रूसचं, ओळीत लावलेलं. त्या रानात शिरलं की फरक कळतो, खाली काही उगवत नाही आणि पक्षीही कमी.

रत्नांग्रीची
मला एकच सांगायचंय. साप नाहीत!!! पहिल्या वर्षी मी गवतात पाय टाकताना काठी आपटत चालायचे, बरोबरच्या मैत्रिणी बघत राहायच्या. गुडघाभर फर्नमध्ये निर्धास्त चालता येणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसालाच कळेल.

सासवडकर_डब्लिन
सेंट पॅट्रिकने हाकलले म्हणतात ना.

रत्नांग्रीची
गोष्ट छान आहे. पण हिमयुग संपल्यावर साप इथवर पोचायच्या आत मध्ये समुद्र आला, म्हणून नाहीत. लेकीला दोन्ही सांगते.

डॉ_गोधडी
साप नाहीत, पण गोचीड आहेत हं. हरणं असतील तिथे जास्त. रानातून आल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत बघा. चिकटलेली दिसली तर तेल, काडेपेटी काही नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरत गेलं किंवा ताप आला तर जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जा आणि गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. लाइम आजार वेळेत ओळखला तर अँटिबायोटिकने बरा होतो. पँट मोज्यात खोचा, दिसायला कशीही दिसो.

कांदेनवमी
एप्रिल-मेमध्ये किल्डेरमधल्याच किलिनथॉमसच्या रानात जा. ब्लूबेलची निळी फुलं. मी वर्णन करणार नाही, जाच. वाट सोडून फुलांत मात्र शिरू नका, तुडवलेलं झाड सावरायला वर्षं लागतात. फोटोसाठी मुलांना फुलांत बसवणारे बघून फार वाईट वाटतं.

पाटावरवंटा
ब्लूबेलच्याच दिवसांत रानलसूण येते! ओढ्याकाठी अख्खी जमीन हिरवी आणि लसणीचा घमघमाट. पानं आणून थालीपीठ, चटणी, वरणाला फोडणी. आमच्याकडे मे महिन्यात दुसरी भाजी नसते 😀

रत्नांग्रीची
कृती द्या ताई

डॉ_गोधडी
पाटावरवंटा, एक जोडते. तिथेच लॉर्ड्स अँड लेडीज नावाचं विषारी झाड उगवतं, कोवळी पानं सारखीच दिसतात, पुष्कळदा एकातच मिसळलेली. मूठभर ओरबाडू नका. एकेक पान चुरगाळून वास घ्या, पण हाताला आधीचाच वास राहतो हेही लक्षात असू द्या. आणि राखीव वनात काहीच तोडायचं नाही.

पाटावरवंटा
हो हो, मी एकेक पान बघूनच घेते. कृती संध्याकाळी लिहिते, आत्ता शाळेच्या फाटकाशी उभी आहे.

पिंपळगावकर
गावांची नावं बघा कधी. किल्डेर म्हणजे किल दारा, ओकचं चर्च. डेरी म्हणजे ओकची राई. ड्युरो, ओकचं मैदान. कॉर्कमधलं यॉल म्हणजे यू झाडांचं रान. जंगल गेलं, नावं राहिली. आमच्या पिंपळगावात तरी पिंपळ किती उरलेत? आजोबांच्या वेळी वेशीवर तीन होते, रस्ता रुंद करताना दोन गेले. आयरिश नावांचे अर्थ लावायला लागल्यापासून मला तो देश कळायला लागला. त्याआधी नुसता हिरवा रंग दिसत होता.

सुपारीचंखांड
विषय निघालाच आहे तर, लिओ वराडकर. वडील मालवणजवळच्या वराडचे. टीशक (आयर्लंडचे पंतप्रधान) असताना २०१९ च्या शेवटी वराडला येऊन गेले. आमचं आजोळ शेजारच्याच गावात!

कांदेनवमी
सुपारी, रानाचं काय ते लिहा की 😄

सुपारीचंखांड
आजोळी रानच आहे सगळं!

भिजलेलीवाट
हे कधी कुठे लिहिलं नव्हतं. एप्रिल २०२०, कॉर्क. घरापासून दोन किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती. बाबा सांगलीत वारले. विमानं बंद. अंत्यविधी फोनवर पाहिला, मध्येच नेटवर्क गेलं.
त्या दोन किलोमीटरच्या आत बीच झाडांचं एक छोटं रान होतं. नाव काढण्यासारखं काही नाही, अर्ध्या तासात फेरा संपतो. रोज जायचो. कोवळी पानं फुटली होती, इतकी पातळ की ऊन आरपार. दहाव्याला भात, तूप, दही घेऊन गेलो. रानाच्या कडेच्या दगडी कुंपणावर पानावर घास ठेवला. त्या देशात रुक नावाचे कावळे असतात, काळे, चोचीच्या मुळाशी पांढुरके. दोन पावलं मागे सरलो नाही तोच एक आला आणि घास घेऊन गेला. बाबांना कुठेही ताटकळणं आवडत नसे.
दोनाचे पाच किलोमीटर झाल्यावरही मी त्याच रानात जात राहिलो.

गव्हाणघुबड
🙏

माळ्यावरची (धागालेखिका)
भिजलेलीवाट, हे इथे लिहिलंत, बरं केलंत. दोनदा वाचलं.

डॉ_गोधडी
आम्ही तेव्हा वॉर्डात होतो. कित्येकांचं असं झालं. काळजी घ्या दादा.

कुपाटी
वेस्टमीथमधलं फोर. नकाशावर शोधावं लागतं इतकं लहान गाव. दरीत बेनेडिक्टाइन मठाचे अवशेष, गायी आजूबाजूला चरतायत. जवळपास सगळी सपाट चाल. फोरची सात आश्चर्यं सांगतात: दलदलीवर उभा मठ, पाटाविना गिरणी, चढावर वाहणारं पाणी, न जळणारं लाकूड, न उकळणारं पाणी, दगडातला एकांतवासी, आणि सेंट फेखिनच्या प्रार्थनेने वर चढलेली दारावरची शिळा. मुलांना यादी दिली आणि शोधायला लावलं, दोन तास कसे गेले कळलं नाही.
तिथे एका झाडाला चिंध्या, फिती बांधलेल्या आहेत. नवसाच्या. बायको न बोलता पिशवीतून रुमाल काढून फाडू लागली. तिच्या माहेरी देवराईत धागे बांधतात. मग आम्ही नुसते हात जोडले, कारण आता प्लास्टिकच्या फिती आणि कायकाय बांधून झाडं गुदमरतात. तुम्हाला बांधायचंच असेल तर सुती बांधा, सैल बांधा.
तिथून जवळच मुलाहमीनचं बीचवन. माथा २५८ मीटर, वेस्टमीथमधली सर्वांत उंच जागा! आपल्या पर्वतीला गेल्यासारखं चढून या, काउंटीचं शिखर सर केलं म्हणून सांगा.

पिंपळगावकर
कुपाटी, देवराईवरून आठवलं. शेताच्या मध्ये एकटं हॉथॉर्नचं झाड असेल तर तिकडचा शेतकरी ते तोडत नाही, परींचं म्हणून. १९९९ साली क्लेअर काउंटीत लाटूनला असंच एक झाड नव्या महामार्गाच्या आड येत होतं. एडी लेनिहन या कथेकऱ्याने आवाज उठवला आणि झाड राखून रस्ता केला. मी गाडी थांबवून बघायचं म्हणालो, मुलगा म्हणाला बाबा हा मोटरवे आहे, थांबता येत नाही.

खारुताई
लॉक की फॉरेस्ट पार्क, बॉयलजवळ, रॉसकॉमन. तळ्यात बेटावर मॅकडरमॉटचा किल्ला, झाडांमधून उंचावरून चालायचा पूल. जमिनीखालचे बोगदे आहेत. रॉकिंगहॅम हाउसचे नोकर त्यातून ये-जा करायचे, मालकांना खिडकीतून ते दिसायला नकोत म्हणून. १९५७ ला ते घर जळालं, बोगदे राहिले. पाहुणे घर बघायला येतात तशी मी ते बोगदे बघायला दोनदा गेले. माझी आजी मोठ्या वाड्यात स्वयंपाकाला होती, तिला मागच्या दारानेच यावं लागे.
तिकडे लाल खारी बघायला मिळतात. मध्य आयर्लंडात खारींची शिकार करणारे पाइन मार्टेन वाढले, करड्या खारी हटल्या, लाल परतल्या.

मोगरा_पुणे
धागा छान. पुढच्या ऑक्टोबरला बहिणीकडे डब्लिनला जाणार आहोत. मी ६३, हे ६८. गाडी नाही. नक्की कुठे जावं?

सासवडकर_डब्लिन
मोगराताई, दोन जागा सांगतो.
ग्लेंडालॉक: डब्लिनहून खासगी बस जाते. दोन तळ्यांची दरी असाच नावाचा अर्थ. दोन्ही तळ्यांना जोडणारी सपाट वाट आहे, ओकच्या सावलीतून. सहाव्या शतकात सेंट केविनने मठ स्थापला. त्याच्या उघड्या तळहातावर ब्लॅकबर्डने अंडी घातली आणि पिल्लं उडेपर्यंत त्याने हात हलवला नाही, अशी कथा आहे. ३० मीटरचा गोल मनोरा, दार जमिनीपासून साडेतीन मीटर उंच. शक्यतो मधल्या वारी जा, रविवारी फार गर्दी.
दुसरं किलार्नी. डब्लिनच्या ह्यूस्टनहून रेल्वे, बहुतेक गाड्यांना मॅलोला बदलावं लागतं. राष्ट्रीय उद्यान गावालाच लागून सुरू होतं. रॉस कासलपर्यंत चालत जा. मकरॉस ॲबी या जुन्या मठाच्या आवारात मधोमध जुनं यूचं झाड आहे, त्याच्याभोवती दगडी ओवऱ्या. आम्ही तिथे गप्पच झालो.

डॉ_गोधडी
ऑक्टोबरात किलार्नीत लाल हरणांचा माजाचा काळ असतो. नर डरकाळ्या फोडतात, धुक्यात ऐकून अंगावर काटा येतो. लांबूनच बघा, फोटोसाठी जवळ जाऊ नका.

मोगरा_पुणे
मनापासून आभार. ह्यांना वाचून दाखवलं, आत्ताच छत्र्या कुठल्या घ्यायच्या ते ठरवतायत.

सासवडकर_डब्लिन
छत्री नको ताई, वाऱ्याने उलटी होते. टोपीवाला रेनकोट आणि फ्लास्कमध्ये चहा.

रत्नांग्रीची
काँग, मेयो. मठातल्या साधूंचं नदीवर बांधलेलं मासे पकडायचं घर. जमिनीत झडप, खाली जाळं, मासा लागला की दोरी ओढून स्वयंपाकघरात घंटा. आमच्या बाबांना इतकं आवडलं की गावी वहाळावर असंच बांधायचं म्हणत होते. पूल ओलांडला की लगेच रान. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

माळ्यावरची
सगळ्यांचे आभार, रात्री निवांत एकेकाला उत्तर देते. लेकीला बूट दाखवले. ती आता आठ वर्षांची आहे. पायात जात नाहीत तरी घालून बघत होती. मग विचारलं, आई हा चिखल कुठला? अर्धा तास सांगत बसले होते, आजोबा आणि कुत्र्यासकट.

पाटावरवंटा
घ्या कृती. दोन मुठी पानं धुऊन पुसून, चार हिरव्या मिरच्या, जिरं, मीठ, लिंबू. पानं शिजवू नका, वास जातो. जाडसर वाटा.

रत्नांग्रीची
दाण्याचं कूट?

पाटावरवंटा
दोन चमचे, शेवटी.