कोल्हापुरात संभाजीनगर ते ताराबाई पार्क सायकलनं जायला कमी गर्दीचा रस्ता कुठला?

कळंबा_रोडवाली
नमस्कार मंडळी. राहायला कळंबा रोडला आणि ऑफिस ताराबाई पार्कात. रोज सायकलनं जायचं डोक्यात बसलंय, गिअरची साधी सायकल आहे, दमाचं काही नाही, भीती आहे ती ट्रॅफिकची. संभाजीनगर, नंगीवली, मिरजकर तिकटी, बिंदू चौक, दसरा चौक हा सरळ रस्ता माहितीय, पण सकाळी साडेनऊला मिरजकर तिकटीला केएमटीच्या बस, रिक्षा आणि बुलेटवाले यांच्यामधनं सायकल काढायची म्हणजे जीव मुठीत धरूनच. परवा तर कडेला लावलेल्या कारचं दार फाडकन उघडलं, हँडलच्या मुठीला घासलं, बसलेला माणूस मलाच म्हणतोय बघून चालवा की. घरातले म्हणतात स्कूटर काय वाईट आहे? कोणी रोज जात असेल तर सांगा, आतनं गल्ल्यांतनं रस्ता आहे का? संध्याकाळी साडेसहाला परत यायचं असतं, तो तर वेगळाच तमाशा.

पेठेतला_गडी
ताई, बिंदू चौक सोडाच. पार्किंगला वळणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या, अंबाबाईला आलेली माणसं, त्यात शनिवार-रविवार असेल तर विचारू नका. संभाजीनगरवरनं मंगळवार पेठेत आत शिरा, गल्ल्यागल्ल्यांतनं गोखले कॉलेजकडं या, मग उमा टॉकीज, फोर्ड कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, असेंब्ली रोड आणि आदित्य कॉर्नरवरनं ताराबाई पार्क. चार वळणं जास्त पडतील पण गल्लीत गाड्यांना स्पीडच घेता येत नाही, हाच मोठा फायदा. फक्त शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच असली की संध्याकाळी त्या अंगाला फिरकू नका, मॅच सुटली की पब्लिक रस्त्यावर येतंय आणि तालमीतालमीची पोरं जोशात असत्यात, सायकल हातात धरून चालायला लागंल 😄

बावडेकर
गल्ल्यांचं मला तितकं पटत नाही. गल्लीत स्पीड नाही हे खरं, पण तिथं कुत्री, खेळणारी पोरं, दारात आडव्या लावलेल्या मोटरसायकली, आणि बोळातनं हॉर्न न वाजवता येणारा टू-व्हीलरवाला. गणपतीच्या दिवसांत तर मांडव पडले की अर्ध्या गल्ल्या बंद. रुंद रस्त्यावर निदान मागचा आपल्याला लांबनं बघतो. मी स्वतः वेळ बदलली, रस्ता नाही. साडेआठच्या आत निघालं तर दसरा चौकातनं आरामात जाता येतं, तिथनं नागाळा पार्कात शिरलं की पुढं झाडी आहे, सावली आहे, चढही फार नाही. ऑफिसला अर्धा तास आधी पोचाल, चहा प्या.

कळंबा_रोडवाली
दादा साडेआठ जमणार नाही, लेकीला शाळेच्या रिक्षात बसवून निघते. पेठेतल्या गडीसाहेब, फोर्ड कॉर्नरला लक्ष्मीपुरीत ट्रक लागलेले असतात ना सकाळी?

पेठेतला_गडी
असत्यात की. धान्याची पोती उतरवायचं काम चालू असतं, हमाल पोतं घेऊन मधनंच येतो. पण ट्रक उभा असतो, पळत नाही, त्यामुळं भीती कमी. तिथं घंटी वाजवत हळू जायचं आणि ट्रकच्या अगदी कडेनं जायचं नाही, कारचं दार तुम्हाला लागलं तसंच ट्रकच्या आडनं माणूस येतो. हातभर अंतर सोडून चालवा, मागचा हॉर्न मारू दे नाहीतर बोंबलू दे, तो काय मारून टाकत नाही. रविवारी मात्र लक्ष्मीपुरीत बाजार असतो, त्या दिवशी नको.

रंकाळ्याचा_कट्टा
या वादात एक राहिलं. कोल्हापुरात रस्ता कुठला बरा हे महिन्यावर ठरतं. ऊसतोड सुरू झाली की साधारण नोव्हेंबर ते मार्च, रिंग रोड, फुलेवाडी, शिये, बावडा सगळीकडं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. ट्रॅक्टर ओलांडून गेला म्हणून सायकल आत घेऊ नका, मागची ट्रॉली झुलत येते आणि ऊस बाहेर लोंबत असतो, अंगाला घासतो. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नाही आणि वर गाणी इतकी मोठी की तुमची घंटी ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. रस्त्यावर पडलेला ऊस चिरडून चिकट होतो, त्यावर पुढचा ब्रेक मारला की चाक गेलंच. म्हणून सीझनमध्ये संध्याकाळी रिंग रोडनं फिरून यायचा मोह टाळा, गर्दी झाली तरी शहरातनंच या.

आणि पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाण्याची पातळी बघत जा. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. धोक्याच्या वर गेली की दसरा चौकाकडचा सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर हे भाग पाण्याच्या तोंडावर येतात, 2019 आणि 2021 ला काय झालं सगळ्यांनी बघितलंय. त्या दिवसांत सायकलचं शौर्य नको, घरी बसायचं.

बावडेकर
ट्रॉलीचं शंभर टक्के बरोबर. आमच्या बावड्यात राजाराम साखर कारखान्यामुळं हे रोजचंच. बैलगाड्या त्यामानानं बऱ्या, बैल सायकलला घाबरत नाही, फक्त अचानक थांबतो.
ताई, अजून एक. संध्याकाळी मागचा लाल दिवा लावाच, लुकलुकणारा, दीड-दोनशे रुपयांत मिळतो. आणि फिकट रंगाचं जाकीट. हेल्मेट आहे ना?

कळंबा_रोडवाली
हेल्मेट आहे, दिवा आज घेते. सकाळी उमा टॉकीजवरनं जाऊन बघते आणि येताना नागाळा पार्क, दसरा चौक. बिंदू चौकात मात्र उतरून चालेन, लाज कसली. ऑफिसखाली सायकल लावायला वॉचमन नाही म्हणतोय, तिथं आसपास कुठं साखळीनं बांधता येईल?

पेठेतला_गडी
वॉचमनला सकाळचा एक कटिंग पाजा, जिन्याखाली जागा निघते. नाहीच निघाली तर ऑफिसच्या गेटच्या ग्रिलला बांधा, पण साखळी चाकातनं आणि फ्रेममधनं दोन्हीतनं घाला, नुसतं चाक बांधलं तर संध्याकाळी चाकच भेटंल.