मदत हवी आहे: कमी-जास्त लांबीचे नेस्टेड अ‍ॅरे एचडीएफ५ मध्ये कसे साठवावेत?

नमस्कार मंडळी,

भूकंपमापनाच्या नोंदी एका एचडीएफ५ फाइलीत (आकड्यांचा मोठा डेटा साठवायचं फाइल-स्वरूप) नीट लावून ठेवायच्या आहेत, आणि दोन आठवडे मी एकाच जागी अडकले आहे.

डेटा असा: सुमारे १,२०० घटना. एखादी घटना ५ केंद्रांवर नोंदली गेली, एखादी ४० केंद्रांवर, सरासरी १२. प्रत्येक केंद्राची नोंद म्हणजे तीन दिशांच्या तरंगरेषा, सरासरी २,००० नमुन्यांच्या, पण सर्वांत लांब नोंद १८,००० ची. थोडक्यात, यादीत यादी आणि प्रत्येकीची लांबी निराळी. नम्पायचा (पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) अ‍ॅरे करायला गेलं की 'इनहोमोजिनियस शेप' (आकार एकसारखा नाही) अशी एरर येते. डीटाइप (घटकांचा प्रकार) ऑब्जेक्ट करून ती टाळली, तर एच५पाय (पायथनमधून एचडीएफ५ हाताळणारी लायब्ररी) तो अ‍ॅरे घेतच नाही.

पहिल्यांदा सगळ्या नोंदी एनएएन ('आकडा नाही' अशी खूण) भरून सारख्या लांबीच्या केल्या. १,२०० × ४० × १८,००० × ३, चार बाइटी फ्लोट, म्हणजे १०.४ जीबी. खरा डेटा जेमतेम ३४५ एमबी! जिझिप कॉम्प्रेशनने फाइल लहान होते हे खरं, पण वाचताना मेमरीत तेवढंच सगळं उलगडतं. शिवाय सेन्सर बंद पडल्यामुळे मूळ नोंदीतही एनएएन आहेत. नोंद कुठे संपली आणि कुठे नुसती खंडित झाली, हे मग कळत नाही. मला हे सर्वांत जास्त खटकलं.

मग प्रत्येक घटनेचा ग्रुप (फाइलीतलं फोल्डरच) आणि प्रत्येक केंद्राचा डेटासेट केला. १४,४०० डेटासेट झाले. एक घटना उघडायला छान, पण सगळ्यांवरून एक फेरी मारायची तर फार वेळ लागतो.

व्हीलेन (बदलत्या लांबीचा) प्रकारही वापरून पाहिला. एका पातळीपर्यंत चालतो, पण व्हीलेनच्या आत व्हीलेन एच५पायला जमत नाही. आणि जिझिप लावूनही फाइल तेवढीच! नंतर कळलं की खरे आकडे ग्लोबल हीपमध्ये (फाइलीतल्या वेगळ्या साठ्यात) जातात आणि जिझिपचा फिल्टर फक्त त्यांच्या संदर्भांवर चालतो.

आता सगळे नमुने एकाच लांब अ‍ॅरेत ओळीने ठेवून प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीच्या जागेचे क्रमांक (ऑफसेट) वेगळे ठेवावेत असं वाटतंय. पण जुन्या घटनेची एखादी नोंद कधी कधी महिन्याने येते. ती मधे घुसवायची तर पुढचे सगळे ऑफसेट सरकवावे लागतील ना?

पिकल (पायथनचं स्वतःचं साठवण-स्वरूप) सुचवू नका, कृपया. ही फाइल मॅटलॅबमधूनही वाचता आली पाहिजे.

प्रतिसाद १

मधे घुसवूच नका. नमुने नेहमी शेवटी जोडा, आणि सोबत एक तक्ता ठेवा: घटना क्रमांक, केंद्र, सुरुवात, लांबी. एका नोंदीला एक ओळ, ओळी कुठल्याही क्रमाने. घटना क्र. ८७ हवी असेल तर तक्त्यातून तिच्या ओळी गाळून घ्यायच्या आणि तेवढेच तुकडे वाचायचे. नेटसीडीएफ या वैज्ञानिक डेटाच्या फाइल-स्वरूपासाठीच्या सीएफ संकेतांमध्येही 'रॅग्ड अ‍ॅरे' याच विचाराने साठवतात, तो भाग जरूर वाचा.

डेटासेट करतानाच मॅक्सशेपची (कमाल आकाराची) पहिली मिती नन (अमर्याद) ठेवा, नाहीतर नंतर वाढवता येणार नाही. 'सुरुवात' हा रकाना ६४ बिटी घ्या. ३२ बिटी पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. चंक (डेटा साठवायचा एक तुकडा) १६,३८४ × ३ पासून सुरू करा, तो १९२ केबी होतो.

धागाकर्ती

मनापासून आभार! ५० घटनांवर करून पाहिलं, उशिरा आलेली नोंद शेवटी जोडली आणि बरोबर घटनेखाली मिळाली. एक शंका राहिली: केंद्राने एखादी नोंद दुरुस्त करून जास्त लांबीची पाठवली तर?

प्रतिसाद २

नवी नोंद शेवटी लिहा आणि तक्त्यातली सुरुवात व लांबी बदला. जुनी जागा फाइलीत तशीच पडून राहील. अशा जागा फार साचल्या, तर तक्त्याच्या क्रमाने सगळं नव्या फाइलीत लिहून काढा. नुसत्या एच५रीपॅकने (फाइल पुन्हा लिहून रिकामी जागा काढणारं एचडीएफ५ चं साधन) त्या जाणार नाहीत, कारण एचडीएफ५ च्या दृष्टीने तो अजून चालू डेटाच आहे.